मामांची गाडी, अमेरिकेचा आकडा आणि माझी चूक

पेटच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे: "तुमच्या संशोधनातली गृहीतकं कोणती?" बहुतेक जण इथे अडखळतात, मीपण अडखळले होते. गृहीतक म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते लातूरला, मामांच्या ट्रकच्या बोनेटवर कागद ठेवून गणित करताना. आजचा लेख त्याच गणितावर आहे. बारावीचं भौतिकशास्त्र पुरे, जास्त काही लागत नाही.

प्रश्न काय होता?

माझे मामा मालक-चालक आहेत. गाडी त्यांची आणि स्टेअरिंगवरही तेच. दहा टायरी गाडी. लातूरच्या मार्केट यार्डातून सोयाबीन, तूरडाळ भरायची आणि ३६१ नंबरच्या हायवेने अहमदपूर, नांदेड, यवतमाळ करत नागपूरकडे जायचं. गाडीची केबिन जुन्या पद्धतीची, म्हणजे कंपनीकडून नुसती चेसी आणलेली आणि केबिन-डाला गावातल्या बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेला. समोरून सपाट, कोपरे काटकोनी, वर देवाच्या नावाची पाटी, बाजूला गोंडे.

आता गाडी बदलायची वेळ आली होती. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, तसलीच चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड गाडी घ्यायची. दोन, जास्तीचं कर्ज काढून कंपनीच्या गोलसर केबिनची नवी गाडी घ्यायची. मामांनी मला फोनवर विचारलं, "ती गोल केबिन हवा कापतीय म्हणतेत, डिझेल वाचतं म्हणतेत. खरं हाय का?"

हा वाद तसा जगभरचा आहे. अमेरिकेत लांब नाकाच्या पीटरबिल्ट ३८९ किंवा केनवर्थ डब्ल्यू ९०० वर जीव टाकणारे मालक-चालक आहेत. दुसरीकडे केनवर्थने १९८५ मध्ये उतरत्या नाकाचा टी ६०० आणला, तेव्हा लोकांनी त्याला 'मुंगीखाऊ' म्हणून हिणवलं, पण डिझेल वाचतं म्हटल्यावर तो खपला. आपल्याकडेही १९५४ पासून जमशेदपूरला बनलेल्या टाटा-मर्सिडीजना नाक होतं, पुढे १२१० एसईलाही अर्धं नाक होतं. पण आपल्या नियमात गाडीची एकूण लांबी मोजली जाते, त्यामुळे नाक जेवढं लांब तेवढा डाला आखूड. म्हणून सपाट तोंडाच्या गाड्या जिंकल्या. नंतर २००९ ला प्रायमा, २०१६ ला सिग्ना अशा कंपनीच्या तयार केबिन आल्या. थोडक्यात, आपल्याकडचा 'क्लासिक' म्हणजे लांब नाकाचा नव्हे, तर गावात बांधलेला.

मी काय चूक केली?

मी इंटरनेटवर वाचलं की मोठ्या ट्रकचं चाकापर्यंत पोचणाऱ्या ताकदीतलं जवळपास निम्मं बळ हवा ढकलण्यात जातं. नव्या आकाराने हवेचा विरोध पाव हिस्स्याने कमी होतो असं धरलं. निम्म्याचा पाव म्हणजे साडेबारा टक्के. मामा वर्षाला साधारण ७०,००० किलोमीटर चालवतात आणि त्यांच्या वहीत ॲव्हरेज चारच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला १७,५०० लिटर. त्याचे साडेबारा टक्के जवळपास २,१९० लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर वर्षाला १ लाख ९७ हजार रुपये वाचणार!

मी उत्साहात फोन केला. मामांनी हप्त्याचा हिशोब त्या आकड्यावर मांडायला घेतला. सुट्टीत लातूरला गेले तेव्हा सगळं परत समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "तू कोणत्या स्पीडचं सांगायलीस?"

मी गप्प. तो आकडा अमेरिकन हायवेवरचा होता, ताशी शंभरच्या वरच्या वेगाचा. आपल्याकडे मालगाडीला स्पीड गव्हर्नर ८० चा. आणि मामांची भरली गाडी ५०-६० च्या वर क्वचितच जाते.

आता गणित नीट करू

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या ट्रकला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात.

१) हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग = ½ × हवेची घनता × आकाराचा गुणांक × समोरचं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

२) टायरचा विरोध, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स = टायरचा गुणांक × वजन

माझी गृहीतकं: आपल्याकडच्या उन्हाळी हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटर, समोरचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर, जुन्या केबिनचा आकार-गुणांक ०.८, नव्या केबिनचा ०.६, टायरचा गुणांक ०.००८, भरल्या गाडीचं वजन २८ टन, रिकामीचं १० टन.

टायरचा विरोध वेगावर फारसा अवलंबून नसतो. भरल्या गाडीला तो साधारण २,२०० न्यूटन येतो. हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ५० ला ६८० न्यूटन, ६० ला ९८०, ८० ला १,७४०.

बघा, ताशी ५० ला एकूण विरोधात हवेचा वाटा पाव हिस्स्याच्याही आत आहे. दोन्ही विरोध सारखे व्हायला भरल्या गाडीला ताशी ९० चा वेग लागतो, आणि तो गव्हर्नर येऊ देत नाही. म्हणजे 'निम्मं बळ हवेत' हे वाक्य खोटं नव्हतं, फक्त ते मामांच्या गाडीबद्दल नव्हतं.

रिकाम्या गाडीत मात्र चित्र बदलतं. टायरचा विरोध ७८० वर येतो आणि ताशी ५४ लाच हवा बरोबरी करते. पण इथे एक गंमत लक्षात घ्या. रिकाम्या गाडीत हवेचा टक्का वाढतो, हवेतून वाचणारं डिझेल वाढत नाही. टक्केवारी आणि लिटर यांची गल्लत करू नका. मालकाचं बिल लिटरवर येतं.

न्यूटनचे रुपये कसे करायचे?

एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली चाकापर्यंत पोचते सुमारे १४. नव्या आकाराने ताशी ५० ला १७० न्यूटन वाचतात, म्हणजे १०० किलोमीटरला १७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १.२ लिटर. वर्षाला ८४० लिटर, साधारण ७५ हजार रुपये.

गणित बरोबर आहे का, हे तपासायची सोपी युक्ती: याच सूत्राने एकूण ॲव्हरेज काढा. भरल्या गाडीला जवळपास ४.९ येतं. वहीत चार. फरक ब्रेक, चढ, गावातली गर्दी आणि उभ्या इंजिनाचा. म्हणजे उत्तर निदान योग्य गल्लीत आहे.

पण नव्या गाडीत आणखी एक गोष्ट येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. एसीला सरासरी २ किलोवॉट लागतात असं धरलं, तर ताशी ५० ने १०० किलोमीटरला सुमारे १ लिटर डिझेल तिकडे जातं. केबिनच्या आकाराने दिलेलं बरंचसं एसी परत घेतो! अर्ध वर्ष एसी चालला तर ३५० लिटर, म्हणजे ३१-३२ हजार रुपये. हातात उरतात ४४ हजार.

१ लाख ९७ हजार कुठे आणि ४४ हजार कुठे. माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नाने मामांच्या हप्त्यात महिन्याला जवळपास पावणेतेरा हजारांचा खड्डा पडला असता.

मग वाचतं कशाने?

गृहीतकं एकेक करून हलवून बघायची, यालाच सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात. मी दोन गोष्टी हलवल्या.

वेग: जुन्याच केबिनने ६० ऐवजी ५० ने गेलं तर ३०० न्यूटन वाचतात. नवी केबिन ६० ला २४५ च वाचवते. अर्थात वेळ जास्त जातो, आणि वेळेचाही पैसा असतो.

टायर: नायलॉन टायर काढून चांगले रेडियल टाकले आणि गुणांक ०.००८ वरून ०.००६५ वर आला, तर भरल्या गाडीत ४१० न्यूटन वाचतात. ताशी ५० ला नव्या केबिनच्या दुपटीहून जास्त. हवा कमी असलेल्या टायरने हे सगळं पाण्यात जातं, ते वेगळं.

"पण माझ्या मित्राला ॲव्हरेज मिळालं!"

अड्ड्यावर मामांच्या एका मित्राने सांगितलं की गोल केबिनची गाडी घेतल्यापासून ॲव्हरेज अर्ध्याने वाढलं. तो खोटं बोलत नव्हता. पण केबिनबरोबर त्याचं इंजिनही बदललं (एप्रिल २०२० पासून बीएस-६), टायर नवे आले, आणि दरम्यान रस्ताही चौपदरी झाला. श्रेय कोणाचं? याला कन्फाउंडिंग म्हणतात. तुमच्या थीसिसमध्ये परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतो.

मोजून बघायचं ठरवलं तर? समजा टाकी फुल करून मोजलेल्या ॲव्हरेजमध्ये फेरीगणिक १० टक्के चढउतार असतो आणि आपल्याला ५ टक्क्यांचा फरक पकडायचा आहे. नेहमीच्या सूत्राने (५ टक्के पातळी, ८० टक्के पॉवर) प्रत्येक गाडीच्या ६३ फेऱ्या लागतात. दोन-चार फेऱ्यांवर "ॲव्हरेज वाढलं" म्हणणं म्हणजे नाणं दोनदा उडवून ते खोटं आहे म्हणणं. मात्र दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, सारखा माल भरून मागोमाग सोडल्या, तर वारा-ऊन-गर्दी दोघींना सारखीच लागते. जोडीतल्या फरकाचा चढउतार ५ टक्क्यांवर आला, तर आठ-नऊ जोड्यांत काम होतं. अमेरिकेतली एसएई जे १३२१ ही चाचणी याच तत्त्वावर चालते, शेजारी एक न बदललेली गाडी ठेवून. नुसते नमुने वाढवण्यापेक्षा आराखडा सुधारणं स्वस्त पडतं.

मामांनी काय केलं?

त्यांनी सध्या दोन्ही वाटा सोडल्या. आहे त्याच गाडीला रेडियल टाकले, ताडपत्री फडफडणार नाही अशी आवळून बांधायला लागले, आणि नवी गाडी एक हंगाम पुढे ढकलली. पण नवी घेईन तेव्हा कंपनीच्याच केबिनची घेईन म्हणाले. मी विचारलं, "का? डिझेल तर फार वाचत नाही."

"डिझेलसाठी कोण म्हणतंय? मे महिन्यात त्या पत्र्याच्या डब्यात बसून बघ एकदा. दुपारी डोळा लागला तर तुझं गणित काय कामाचं?"

हेही मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. माझ्या सूत्रात केबिनचा आकार होता, केबिनमधला माणूस नव्हता. निर्णय घेणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटतं हे आधी विचारलं असतं, तर प्रश्नच वेगळा मांडला असता.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उचलण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा: हा आकडा कुठे मोजला, कोणत्या परिस्थितीत मोजला, आणि माझ्याकडे ती परिस्थिती आहे का. मामांच्या भाषेत एवढंच, "आधी स्पीड इचार, मग सांग."