खात्यापित्या घरची!

‘लग्न मानवलं हो तुला!’ हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य. सून अंगाने भरली की ती खात्यापित्या घरची, आणि बारीक दिसली की ‘सासरी पोटभर मिळत नाही का गं?’ अशी चौकशी. वजनाचा विचार आपण करतो तो असा, दिसण्यापुरता. म्हणून लग्न ठरेपर्यंत मुलगी मोजून-मापून खाते आणि दोन मुलं झाल्यावर म्हणते, ‘आता कोणाला दाखवायचंय?’

वजन वाढतं तेही गुपचूप. साडीची गंमत अशी, की परकराची नाडी चार बोटं सैल केली की झालं! पुरुषाची पॅन्ट निदान कुरकुरते तरी. शेजारपाजारच्या साऱ्याजणी आपल्यासारख्याच असल्या, की ‘या वयात एवढं चालायचंच’ असं वाटतं.

पण आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने जास्त निघालं. कंबर आणि नितंब यांचं प्रमाण तपासलं, तर जवळपास ५७ टक्के स्त्रिया धोक्याच्या गटात होत्या! म्हणजे काट्यावर ‘ठीक’ असलेल्या कितीतरी जणींचं पोट सुटलेलं होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच मोठ्या खुबीने दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो, ती अशी.

म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी हे अनुक्रमे साधारण ५५ आणि ६० किलो. बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी.

ही पोटाची चरबी नुसती बसून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं, साखर आणि रक्तदाब वाढतो. वाढलेल्या वजनाने गुडघे कुरकुरतात, पाळी बिघडते, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. मधुमेह तर वर्षानुवर्षं काही न दुखवता आत राहतो. ‘मला कुठे काय होतंय?’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका.

घाबरायचंही कारण नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोनच उद्दिष्टं दिली होती : वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या बाईसाठी सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो! त्यासाठी उपास नकोत. साबुदाण्याच्या खिचडीने वजन उतरत नाही. ‘वाया जायला नको’ म्हणून पातेल्यातलं उरलंसुरलं पोटात ढकलणं मात्र थांबवा.

ब्लाउज शिवायचा टेप घरात असेलच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्या. साडेएकतीसच्या वर आलं, तर एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि हो, मुलीचं आणि सासूबाईंचंही माप घ्यायला विसरू नका!