कालव्याकाठची सायकलवाट

प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांमुळे राहुरी, श्रीरामपूर परिसरात ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. पाण्याच्या प्रत्येक आवर्तनाचा हिशेब ठेवला जातो. कालव्याकाठच्या मुरमाच्या वाटेचा मात्र कोठेच मांडला जात नाही. वस्तुतः कालवा अतिमंद उतार राखून वाहतो. साहजिकच त्याच्या काठाने सायकलस्वारालाही चढ लागत नाही. गळिताच्या हंगामात मोठ्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर धावत असताना वस्तीवरील विद्यार्थ्याला व मजुराला हीच वाट निर्धोक ठरते.

वाहतुकीने भराव खचेल, असा आक्षेप घेतला जाईल. जड वाहनांपुरता तो रास्तही आहे. परंतु सायकलीने भराव खचत नाही. हॉलंडमध्ये पूररक्षक बांधांवरूनही सायकलमार्ग जातात.

खरा धोका अतिक्रमणाचा आहे. कालव्याला मिळणारे शिवरस्ते नांगराखाली गेले, तर ही वाट गाठायची कशी? अडविलेला रस्ता मोकळा करण्याचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे. तो वापरावा आणि जिल्हा नियोजनात दरवर्षी थोड्या मुरमाची तरतूद व्हावी. एवढ्या अल्प खर्चात मुलांना शाळेपर्यंत सुखरूप पोचविणारी दुसरी योजना सापडणे कठीण आहे.