धावपटूचे मोल : अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅकच्या मोठ्या करारांचा अर्थविचार

प्रस्तावना

फुटबॉल हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर पायाने खेळावयाचा गोल चेंडूचा खेळ उभा राहतो. अमेरिकेत या नावाने ओळखला जाणारा खेळ निराळा आहे. लांबट चेंडू हातात धरून अथवा फेकून तो प्रतिपक्षाच्या टोकापर्यंत न्यावयाचा, असे त्याचे स्थूल स्वरूप होय. नॅशनल फुटबॉल लीग ही या खेळाची ३२ संघांची व्यावसायिक संघटना. चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या खेळाडूस तेथे रनिंग बॅक म्हणतात. एके काळी हा खेळाडू संघाचा मानबिंदू असे. अलीकडे मात्र त्याला मोठ्या रकमेचा दीर्घ करार देणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न तेथील संघचालक, खेळाडू आणि अभ्यासक यांच्यात वारंवार चर्चिला जातो. वरवर पाहता हा वृत्तपत्राच्या क्रीडापानावरचा वाद वाटेल. परंतु श्रमाचे मोल कोण ठरवितो, केव्हा ठरवितो आणि कशाच्या आधारे ठरवितो, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. त्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप आणि खर्चाची मर्यादा

चेंडू ताब्यात असलेल्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पुढे सरकण्याचे मार्ग मुख्यतः दोन. क्वार्टरबॅक हा सूत्रधार चेंडू लांबवर फेकतो, किंवा तो रनिंग बॅकच्या हाती सोपवितो. धावणाऱ्यासमोर पाच धिप्पाड खेळाडूंची आघाडीची फळी असते आणि प्रतिस्पर्ध्यांना रेटून वाट मोकळी करणे हे तिचे काम. एका धावेमागे साधारणतः सव्वाचार ते साडेचार यार्ड मिळतात. फेकीच्या एका प्रयत्नामागे, वाया गेलेल्या फेकी धरूनही, सुमारे सात यार्ड पडतात. १९७८मध्ये लीगने फेकीचा खेळ सुलभ करणारे नियम आणले आणि तेव्हापासून तराजूचे पारडे हळूहळू तिकडे झुकत गेले.

दुसरी बाब खर्चाची. १९९४पासून लीगमधील प्रत्येक संघावर खेळाडूंच्या एकूण वेतनाची कमाल मर्यादा आहे. आयपीएलच्या लिलावात संघांना ठरावीक रकमेतच खेळाडू घ्यावे लागतात, तशातलाच हा प्रकार. पहिल्या वर्षी ही मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. मर्यादा सर्वांना सारखीच असल्यामुळे मालक कितीही धनाढ्य असला तरी एका खेळाडूस दिलेला डॉलर दुसऱ्यास देता येत नाही. म्हणून रनिंग बॅक चांगला आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. त्याच्यावर खर्ची पडणाऱ्या रकमेत दुसरे काय मिळाले असते, हे विचारावे लागते.

डेन्व्हरचा दाखला

या विचाराला बळकटी देणारा सर्वांत बोलका दाखला डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघाचा आहे. टेरेल डेव्हिस हा १९९५च्या निवडीत सहाव्या फेरीत, म्हणजे १९५ खेळाडूंची निवड झाल्यानंतर, या संघास मिळाला. १९९८मध्ये त्याने २,००८ यार्ड धाव काढली आणि संघाने सलग दुसरे अजिंक्यपद पटकावले. १९९९मध्ये त्याचा गुडघा जायबंदी झाला. संघ कोलमडावयास हवा होता. पण ओलँडिस गॅरी या नवख्या खेळाडूने त्याच हंगामात १,१५९ यार्ड काढले. २०००मध्ये सहाव्या फेरीतील माइक अँडरसनने १,४८७, २००२मध्ये क्लिंटन पोर्टिसने १,५०८ आणि २००४मध्ये रूबेन ड्राउन्सने १,२४० यार्ड काढले. माणसे बदलली, धावा बदलल्या नाहीत. प्रशिक्षक माइक शॅनहन आणि फळीचे शिक्षक अॅलेक्स गिब्ज यांनी आघाडीच्या फळीस सगळ्यांनी मिळून एकाच दिशेने सरकण्याची पद्धत शिकविली होती, आणि ती पद्धत कायम होती.

पोर्टिसची पुढची हकिकत तर एखाद्या प्रयोगासारखीच आहे. डेन्व्हरमध्ये एका धावेमागे साडेपाच यार्ड काढणारा हा खेळाडू २००४मध्ये वॉशिंग्टनला देण्यात आला. वॉशिंग्टनने त्याला पाच कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा आठ वर्षांचा करार दिला. तेथे पहिल्याच हंगामात त्याची सरासरी ३.८ यार्डांवर आली. डेन्व्हरला त्याच्या मोबदल्यात चॅम्प बेली हा बचावपटू मिळाला, जो पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे उत्पादन संयुक्त असते. पण आकडा एकाच्याच नावावर नोंदला जातो आणि बाजार त्या नावाला किंमत देतो.

मोठ्या करारांचा अनुभव

२०१८ ते २०२० या काळात काही संघांनी हा धडा बाजूस सारला. जुलै २०१८मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने टॉड गर्लीस चार वर्षांसाठी ५ कोटी ७५ लाख डॉलरांची करारवाढ दिली. त्यांतील ४ कोटी ५० लाख हमीचे होते. त्या हंगामात त्याने २१ टचडाउन केले. पण हंगामाच्या अखेरीस गुडघा कुरकुरू लागला आणि डिसेंबरात रॅम्सने सी. जे. अँडरसन यास घेतले, ज्याला त्याच हंगामात दोन संघांनी सोडून दिले होते. अँडरसनने दोन सामन्यांत २९९ यार्ड काढले. फेब्रुवारी २०१९च्या अंतिम सामन्यात गर्लीच्या नावावर अवघे ३५ यार्ड लागले आणि मार्च २०२०मध्ये संघाने त्याला मोकळे केले. डॅलसच्या इझिकिएल एलियटने २०१९मध्ये सरावावर बहिष्कार टाकून सहा वर्षांची, नऊ कोटी डॉलरांची करारवाढ मिळविली. २०२२मध्ये त्याची सरासरी ३.८ यार्ड होती, तर चौथ्या फेरीत आलेला त्याचा सहकारी टोनी पोलार्ड ५.२च्या सरासरीने त्याच्या पुढे निघून गेला. मार्च २०२३मध्ये एलियटचीही रवानगी झाली.

लेव्हिऑन बेलचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. २०१८मध्ये पिट्सबर्गने देऊ केलेले एका वर्षाचे १ कोटी ४५ लाख डॉलर नाकारून तो संपूर्ण हंगाम घरी बसला. त्याच्या जागी तिसऱ्या फेरीतील जेम्स कॉनरने ९७३ यार्ड आणि १२ टचडाउन काढले. बेलला पुढे न्यूयॉर्क जेट्सकडून ५ कोटी २५ लाखांचा करार मिळाला खरा. पण तेथे पहिल्या हंगामात त्याची सरासरी ३.२ राहिली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये तोही संपुष्टात आला.

ही उदाहरणे एकत्र वाचली की निष्कर्ष सोपा वाटतो : रनिंग बॅकला मोठा करार देऊ नये. तथापि त्याच डॅलसमध्ये १९९३ साली एमिट स्मिथने करारासाठी अडून बसून पहिले दोन सामने सोडले, तेव्हा संघ दोन्ही हरला. मालक जेरी जोन्स यांनी चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलर मान्य केले, स्मिथ परतला, आणि संघाने अजिंक्यपद मिळविले. लीगचा आणि अंतिम सामन्याचा असे दोन्ही सर्वोत्तम खेळाडूचे सन्मान त्यालाच लाभले. स्मिथ तेव्हा २४ वर्षांचा होता आणि वेतनमर्यादा अजून लागू झाली नव्हती, या दोन गोष्टी दुर्लक्षून चालणार नाहीत.

वयाचे गणित

येथे प्रश्नाचा खरा गाभा हाती येतो. माध्यमिक शिक्षण संपून तीन वर्षे होईतो खेळाडूस लीगमध्ये प्रवेश नाही. म्हणजे तो साधारण २१-२२व्या वर्षी येतो. २०११च्या सामूहिक करारानुसार नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकाप्रमाणे जवळजवळ ठरलेले असते आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूस पाचव्या वर्षीही राखण्याचा हक्क संघास आहे. तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत कराराची फेरबोलणी करता येत नाही. त्यानंतरही ‘फ्रँचायझी टॅग’ नावाची तरतूद लावून संघ त्याला आणखी एक वर्ष, आणि इच्छा असल्यास पुढचेही वर्ष, बांधून ठेवू शकतो. खुल्या बाजारात उभा राहीपर्यंत तो २६-२७ वर्षांचा झालेला असतो.

क्वार्टरबॅकला याने फारसे बिघडत नाही. तो पस्तिशीतही खेळतो. रनिंग बॅकची गोष्ट वेगळी. प्रत्येक धावेअंती कोणी ना कोणी त्याला जमिनीवर आपटतो, आणि त्याची सर्वोत्तम वर्षे बहुधा विशीच्या पूर्वार्धातली असतात. म्हणजे ज्या वर्षांत तो सर्वाधिक मोलाचा असतो, त्याच वर्षांत नियमाने त्याची किंमत बांधलेली असते. आणि किंमत मागण्याचा अधिकार मिळतो तेव्हा संघ म्हणतो, ‘झालेल्या कामाचे नव्हे, होणाऱ्या कामाचे पैसे देऊ.’ संघाचा हा युक्तिवाद तर्काला धरून आहे. पण झालेल्या कामाचे पैसे मग कोणी द्यावयाचे? गर्ली आणि एलियट यांचे करार वाईट ठरले असे म्हणताना त्यांच्या आधीची स्वस्तातली वर्षे हिशेबात धरली जात नाहीत, ही या चर्चेतील मोठीच उणीव म्हणावी लागेल.

टॅगचा हिशेब तर अधिकच विलक्षण आहे. टॅगची रक्कम ढोबळमानाने त्या जागेवरच्या वरच्या वेतनांवरून काढली जाते. संघ दीर्घ करार देणे टाळू लागले की ती वेतने घसरतात, टॅग स्वस्त होतो, आणि टॅग स्वस्त झाला की दीर्घ करार देण्याचे कारण आणखी उरत नाही. २०१७मध्ये रनिंग बॅकचा टॅग १ कोटी २१ लाख डॉलरांचा होता. २०२३मध्ये तो १ कोटी ९१ हजारांवर आला. याच अवधीत वेतनमर्यादा मात्र १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली. जुलै २०२३मध्ये सॅक्वॉन बार्कली, जोश जेकब्ज आणि पोलार्ड या तिघांनाही मुदतीपर्यंत दीर्घ करार मिळाला नाही, तेव्हा लीगमधील प्रमुख रनिंग बॅकनी ऑनलाइन बैठक घेऊन आपापसांत सल्लामसलत केली.

घसरलेल्या किमतीचा लाभ

बाजारात एखादी वस्तू फार स्वस्त झाली की कोणी तरी ती उचलतोच. मार्च २०२४मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने बार्कलीस तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले, तर बॉल्टिमोरने तिशीतल्या डेरिक हेन्रीस दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख. त्या हंगामात हेन्रीने १,९२१ आणि बार्कलीने २,००५ यार्ड काढले. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, बार्कलीच्या २८व्या वाढदिवशी, ईगल्सने अंतिम सामना ४०-२२ असा जिंकला. मोठ्या करारांचे समर्थक या हंगामाकडे बोट दाखवितात.

परंतु हा पुरावा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. २०२३मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे असताना बार्कलीची सरासरी ३.९ होती, ईगल्सच्या भक्कम फळीमागे ती ५.८ झाली. जायंट्सने २०१८मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड त्याच्यावर खर्च केली आणि सहा हंगामांत संघ एकदाच बाद फेरीत पोहोचला. ख्रिश्चन मॅकॅफ्रीच्या बाबतीत तर करारही एकच होता. २०२०मध्ये कॅरोलायनाने त्याला वर्षाला सरासरी १ कोटी ६० लाख डॉलर दिले आणि दुखापतींमुळे पुढच्या दोन हंगामांत तो जेमतेम दहा सामने खेळला. ऑक्टोबर २०२२मध्ये तोच करार घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला. २०२३मध्ये धावांत लीगमध्ये पहिला आला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. रकमेचा मोठा भाग कॅरोलायनाने आधीच चुकता केला होता, हे नव्या संघाचे नशीब. यावरून असे दिसते की, फळी, क्वार्टरबॅक आणि बचाव जमून आलेल्या संघास उत्तम रनिंग बॅक अखेरची भर घालतो, तर मोडक्या संघाचा पाया त्याच्यावर रचता येत नाही. घराला कळस हवा, पण भिंतींआधी नव्हे.

शिवाय ‘मोठा करार’ ही संज्ञाही सापेक्ष आहे. मार्च २०२५मध्ये ईगल्सने बार्कलीचे वेतन वर्षाला सरासरी २ कोटी ६ लाख डॉलरांवर नेले. दोन कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला रनिंग बॅक. त्याच महिन्यात झेल घेणाऱ्या जमार चेसला सिनसिनाटीने वर्षाला चार कोटींहून अधिक देऊ केले, आणि क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचे वेतन २०२४पासूनच सहा कोटींच्या घरात होते. तरीही ईगल्सच्या या दुसऱ्या करारात जुनीच जोखीम होती. बाद फेरी धरून २०२४च्या हंगामात बार्कलीने ४३६ वेळा चेंडू वाहिला होता आणि २०२५मध्ये त्याची धाव बरीच आखडली. ईगल्सचा पहिला करार किमतीच्या दृष्टीने उत्तम होता. दुसऱ्याबद्दल तसे म्हणणे कठीण आहे.

संघटनेचा पेच

खेळाडूंच्या बाजूने उपाय सुचविले जातात ते मुख्यतः नवोदित करार तोकडा करण्याचे. २०१९मध्ये रनिंग बॅकसाठी स्वतंत्र संघटना मान्य व्हावी असा अर्जही अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे करण्यात आला होता. त्यास यश आले नाही. अडचण अशी की, वेतनमर्यादा हे एकच भांडे आहे आणि रनिंग बॅकच्या वाट्यास जे अधिक जाईल ते त्याच संघटनेतील इतर सभासदांच्या ताटातून जाईल. त्यामुळे फळीतला खेळाडू, झेल घेणारा किंवा बचावपटू यांना हा प्रश्न धसास लावण्याची निकड भासत नाही. २०२०मध्ये झालेला सामूहिक करार २०३०च्या हंगामापर्यंत लागू आहे, आणि त्यात रनिंग बॅकसाठी चार वर्षांच्या नवोदित करारात वेगळी सूट नाही. आज विशीच्या उंबरठ्यावर लीगमध्ये पाऊल टाकणारा धावपटू त्या मुदतीच्या आतच आपली सर्वोत्तम वर्षे खेळून मोकळा झालेला असेल.