अपरिग्रह आणि स्वामित्व : फ्रान्सिस्कन संघातील एक वाद

ख्रिस्ती मठजीवनात धनत्यागाचे व्रत जुनेच होय. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत विनयाच्या बारा पायऱ्या सांगितल्या असून, मठवासीयाने कोणतीही वस्तू, फार काय लेखणीदेखील, आपली म्हणू नये असा दंडक घातला आहे. मात्र मठाच्या सामुदायिक मालमत्तेस या नियमावलीचा विरोध नव्हता. त्यामुळे निर्धन मठवासी आणि धनाढ्य मठ असा विसंगत प्रकार मध्ययुगीन युरोपात सर्रास आढळे. आसिसीच्या फ्रान्सिसने (मृत्यू १२२६) ही पळवाट बंद करू पाहिली. व्यक्तीने तर नाहीच, पण संघानेही घर, जागा वा अन्य काही आपलेसे करू नये, हे त्याचे तत्त्व पोप तिसरा होनोरियस याने १२२३ साली मान्य केलेल्या नियमावलीत समाविष्ट झाले.

फ्रान्सिसच्या लेखी धनत्याग हे विनयाचेच एक अंग होते, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. त्याने आपल्या अनुयायांना ‘धाकटे बंधू’ हे नाव दिले. त्यांच्या प्रमुखास ‘सेवक’ या अर्थाचा शब्द योजला. आणि १२२० साली संघाचे प्रमुखपद स्वतः सोडले. आपल्या मृत्युपत्रात तर बंधूंनी स्वसंरक्षणासाठीसुद्धा पोपच्या दरबारातून सनदा मागू नयेत, असे त्याने बजावले. धनाबरोबर हक्क आणि प्रतिष्ठा यांचाही त्याग त्याला अभिप्रेत होता.

संघ वाढला तसे हे कठीण झाले. हजारो भिक्षूंना राहावयास घरे आणि अभ्यासास ग्रंथ हवेच होते. १२३० साली पोप नववा ग्रेगरी याने मृत्युपत्र बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला आणि भिक्षूंकडे वस्तूंचा केवळ वापर आहे, स्वामित्व नाही, असा भेद मांडला. पुढे १२४५ साली हे स्वामित्व पोपपीठाकडे असल्याचे ठरले, आणि १२७९ साली पोप तिसरा निकोलस याने ‘निव्वळ वापर’ ही कल्पना अधिकृत केली. युक्ती सोयीची खरी. परंतु तिने त्यागाचे रूपांतर कायद्याच्या कलमात केले.

या कलमाचे मर्म पोप बाविसावा जॉन याने अचूक हेरले. १३२२ सालच्या आज्ञापत्रात त्याने विचारले की, खाल्ल्याने जी संपते त्या अंड्याचे किंवा चीजच्या तुकड्याचे स्वामित्व आपणाकडे राहते, याला अर्थ काय? उपभोगाने नष्ट होणाऱ्या वस्तूत वापर आणि स्वामित्व वेगळे करताच येत नाहीत. त्याचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता. धनत्यागाचा हेतू चिंतेपासून मुक्ती हा असेल, तर या तजविजीने भिक्षूंची वस्तू मिळविण्याची आणि राखण्याची चिंता तिळमात्र कमी झालेली नाही. १३२३ साली त्याने, ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांच्याकडे वैयक्तिक वा सामुदायिक काहीच नव्हते, हे मत पाखंड ठरविले.

संघाचा प्रमुख चेझेनाचा मिकेले आणि तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम हे १३२८ च्या मे महिन्यात आविन्योंहून निसटून बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयास गेले. तेथे विल्यमने दिलेले उत्तर विनयाच्या मूळ कल्पनेच्या बरेच जवळ जाते. परवानगी आणि न्यायालयात सांगता येणारा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे प्रतिपादन. पंक्तीस बसलेला पाहुणा पानात वाढलेले अन्न खातो. पण यजमानाने पान उचलून नेल्यास तो दावा लावीत नाही. दात्याने परवानगी काढून घेताच मुकाट्याने रिकाम्या हाताने उठणे, हीच भिक्षूची स्थिती.

हा युक्तिवाद सरस आहे. मात्र तो मांडणारे दोघे बंधू आपणच संघाचे खरे वारस आहोत, हा दावा सोडावयास तयार नव्हते. मिकेलेला पदच्युत करण्यात आले, तरी संघाची मुद्रा त्याने १३४२ साली म्यूनिक येथे मृत्यू येईपर्यंत आपल्यापाशीच ठेवली. त्यानंतर ती विल्यमच्या हाती राहिली.