अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात, मग आपल्याकडचे नेमबाज काय करतात?

रात्री जेवण झालं की आपण रील्स बघत पडतो. त्यात कधीतरी हा व्हिडीओ येतोच. अमेरिकेतला एखादा काका गॅरेजमध्ये बसलाय, समोर छोटासा तराजू आहे. चिमूटभर दारू मोजतो, पुंगळीत ओततो, वर गोळी बसवतो आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर जाऊन १०० मीटरवर तीन गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून काढतो. खाली कमेंटमध्ये मराठीत प्रश्न असतो, "भाऊ, हे आपल्याकडे करता येतं का?"

सरळ उत्तर आहे, वेगळ्या परवान्याशिवाय नाही. पण तो काका जे शोधतोय, तेच आपले ऑलिम्पिकमधले नेमबाजही शोधतात. फक्त त्यांचा रस्ता वेगळा आहे.

आधी समजून घेऊ, काका नक्की करतोय काय?

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि पुढे गोळी. रायफलचं काडतूस उडालं की पुंगळी तशीच राहते. तीच पुन्हा भरायची, याला म्हणतात हँडलोडिंग.

पैसे वाचतात हे खरं, पण अनेकांचं खरं कारण असतं अचूकता.

दोन रायफली एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडल्या तरी त्यांच्या नळ्या तंतोतंत सारख्या नसतात. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी नळी त्या थरथरीत नेमकी कुठे आहे, यावर गोळीची दिशा बारीकशी बदलते. त्यामुळे एका रायफलला जे काडतूस मानवतं, ते शेजारच्या रायफलला मानवेलच असं नाही.

म्हणून काका एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आज दारूचं वजन, पुढच्या वेळी गोळी. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. आणि फरक करायचा तो एका ग्रेनच्याही काही भागाचा.

आणि एक गंमत. तीन गोळ्या एका भोकात गेल्या म्हणजे काम झालं, असं नसतं. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. पाच-पाच, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पुन्हा पुन्हा तसेच आले, तरच ते काडतूस खरं. रीलमध्ये अर्थातच फक्त सगळ्यात भारी ग्रुप दाखवतात.

'पॉवर' नाही, सारखेपणा

आपल्याला वाटतं जास्त दारू म्हणजे जास्त नेम. तसं अजिबात नाही. अचूकता म्हणजे सारखेपणा.

हे आपल्या जवळच्या उदाहरणावरून बघू. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. तेव्हा रेल्वेत टीसी असलेल्या या पोरानं नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशिकमध्ये गिरवले, हे नाशिककर आजही कॉलर ताठ करून सांगतात.

त्याच्या खेळातलं १० गुणांचं वर्तुळ किती मोठं असतं माहितीये? व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं. तेही ५० मीटरवरून!

आता थोडं गणित. या रायफलीची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते. समजा एका काडतुसात दारू किंचित कमी पडली आणि वेग ३१५ झाला. गोळीला पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा इतका, म्हणजे पाच हजारांश सेकंदाचा उशीर होतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला ७ ते ८ मिलिमीटर जास्त खाली ओढतं. लक्ष्यावर एका गुणाचं अंतर असतं ८ मिलिमीटर. म्हणजे नेम परफेक्ट, श्वास परफेक्ट, ट्रिगर परफेक्ट, आणि तरी जवळपास एक गुण गेला. चूक खेळाडूची नाही, काडतुसाची.

मग स्वप्नीलसारखे खेळाडू काडतुसं स्वतः भरतात का?

नाही. त्यांची काडतुसं असतात पॉइंट २२ची. यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडालं की ती कड चेपते. ही पुंगळी पुन्हा वापरायची सोय नसते.

म्हणून हे खेळाडू काडतूस बनवत नाहीत, निवडतात. याला म्हणतात लॉट टेस्टिंग. कंपनी तीच, मॉडेल तेच, पण प्रत्येक खेपेला, म्हणजे लॉटला, वेगळा नंबर असतो. इंग्लंडमधली एली किंवा जर्मनीत पॉइंट २२ काडतुसं बनवणारी लापुआ यांच्या चाचणी केंद्रांवर खेळाडूची रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात मधे येत नाही. मग एकेका लॉटच्या गोळ्या झाडून ग्रुप मोजतात. जो लॉट त्या नळीला मानवला, त्याच नंबरचे खोके विकत घ्यायचे.

काका गॅरेजमध्ये महिने घालवून जे शोधतो, ते इथे निवडून मिळतं.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा वेगळा. २०१९च्या दुरुस्तीनंतर यासाठी किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. "रील बघून ट्राय केलं" हे कोर्टात चालणार नाही.

आणि शिकार? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती बंदच आहे. बिबट्या किंवा रानडुकराचा त्रास असला तरी निर्णय वन खात्याचा, आपला नाही.

आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती दिसणारी मध्यम बोअरची रायफल म्हणजे पॉइंट ३१५, साधारण ८ मिलिमीटरची. तिचा इतिहासही काडतुसाशीच जोडलेला आहे. इंग्रजांना भीती होती की लष्कराच्या पॉइंट ३०३ची काडतुसं भलत्या हातात जातील. म्हणून खासगी लोकांना ते कॅलिबर बंद केलं आणि हे वेगळं कॅलिबर रुळलं. तिच्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' दिसलं तर ते पुण्याच्या खडकीतलं. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. मोठ्या रायफलीच्या नळीतला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या हजारपटीहून जास्त असतो. दारूचा प्रकार चुकला किंवा माप चुकलं, तर हा स्फोट तोंडापासून वीतभर अंतरावर होतो.

तरी हा नाद करायचाच असेल तर?

मग एअर रायफल आहे ना! पॉइंट १७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. तिच्या छऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे आकडे असतात. ही छऱ्याच्या डोक्याची मापं.

जवळच्या शूटिंग क्लबमध्ये प्रशिक्षकासमोर, १० मीटरवर, रायफल टेकवून प्रत्येक मापाचे पाच-पाच छरे मारा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. वहीत लिहा. आठवडाभराने पुन्हा तेच करा.

कोणता छरा तुमच्या नळीला मानवतो ते कळेल. गॅरेजमधला काकाही हेच करतोय, फक्त तुमच्या दारात पोलीस येणार नाहीत.