शाळेसाठी दुर्बीण घ्यायची झाली तर



धानाच्या जिल्ह्यात दुर्बिणीचे काय काम, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की दुर्बिणीला पहिल्यांदा लागतो तो अंधार, आणि तो आपल्याकडे फुकट आहे. भंडारा शहरातून पश्चिमेला पाहिले तर नागपूरचा उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो. पण लाखांदूर, पवनी, साकोलीकडच्या एखाद्या खेड्यात दिवाळीनंतर, बांध्या रिकाम्या झाल्यावर, रात्री अंगणात उभे राहा. शहरातला माणूस गाडी करून ज्या आभाळाच्या शोधात हिंडतो ते तुमच्या गोठ्यामागे असते.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेसाठी लोकवर्गणीतून दुर्बीण घेतली. निवड माझी, म्हणून दोषही माझाच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘५२५ पट मोठे दिसते’. आत ६० मिलिमीटरचे भिंग आणि काडीसारखे तीन पाय. पहिल्या रात्री शनी दाखवायचा ठरला. सारा गाव जमला. दुर्बिणीला डोळा लावला की शनी विहिरीतल्या दिव्यासारखा हलायचा, आणि हलायचा थांबेपर्यंत नजरेबाहेर जायचा. रांगेत एक म्हातारी आजी होती. विचारले, “दिसला का, आजी?” म्हणाली, “दिसला बाप्पा, दिसला.” तिला काहीच दिसले नव्हते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. वर्गणीत तिच्या रोवणीच्या मजुरीतले पैसे होते. ती दुर्बीण पुढे कपाटावर, फुटक्या हार्मोनियमशेजारी, जाऊन बसली.

चूक कुठे झाली? मी ‘पट’ पाहिले. पट वाढवणे अगदी सोपे असते. दुर्बिणीचे खरे काम प्रकाश गोळा करणे हे आहे. पावसाचे पाणी धरायला वाटी ठेवली आणि घमेले ठेवले, तर घमेल्यात जास्त साचते, तसेच हे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. १३० मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या सुमारे ३४५ पट प्रकाश धरतो. वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घ्या: १३० भागिले ७, आणि आलेल्या संख्येचा वर्ग. पट किती वाढवावे यालाही मर्यादा आहे. व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट हा ढोबळ नियम. म्हणजे ६० च्या भिंगाला १२० पट फार झाले. ५२५ ही निव्वळ थाप होती.

एवढ्याच पैशात मोठा व्यास हवा असेल तर भिंगाऐवजी आरसा घ्यावा. भिंगाचे सगळे पृष्ठभाग नेमके घासावे लागतात आणि काचही आतून निर्दोष लागते. आरशाचा एकच पृष्ठभाग साधला की झाले. न्यूटनने १६६८ मध्ये अशी पहिली आरशाची दुर्बीण केली ती जेमतेम वीतभर लांब होती. नळीच्या तळाशी खोलगट आरसा, तोंडाजवळ तिरका लहान सपाट आरसा, आणि बाजूने डोळा लावायची जागा. आजही रचना तीच आहे. आपल्या महाराष्ट्राला ती नवी नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीने वेधशाळा उभारली. तिथली आरशाची दुर्बीण २० इंची होती, आणि त्या काळात देशात तिच्याहून मोठी नव्हती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली.

आपल्याला २० इंच नको. शाळेला ११४, १३० किंवा १५० मिलिमीटरचा आरसा पुरे. माझे मत विचाराल तर १३०, नाभीय अंतर ६५० मिलिमीटर. नळी दोन फुटांची, बैठकीसकट एक माणूस सहज उचलील. २०० मिलिमीटरची दुर्बीण जास्त दाखवते यात शंका नाही, पण तिची नळी चार फुटांची आणि सारे ओझे वीस किलोच्या वर. दर वेळी ती बाहेर काढायचा कंटाळा येतो, आणि शेवटी तीही हार्मोनियमशेजारी जाते.

येथे एका सापळ्यापासून सावध राहा. काही दुर्बिणींवर नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले असते आणि नळी मात्र दीड फुटाची. असे होते कसे? नेत्रिकेच्या नळीत एक जादा भिंग बसवून अंतर ताणलेले असते. स्वस्त मालात हे भिंग बहुधा सुमार असते, चित्र कधी नीट उतरत नाही आणि आरशांची जुळणी करणेही जिकिरीचे होते. म्हणून पट्टी घेऊन नळी मोजा. न्यूटनच्या पद्धतीच्या साध्या दुर्बिणीत नळीची लांबी नाभीय अंतराच्या जवळपास असते. आरसा अन्वस्ताकार आहे का, हेही विचारा. आखूड नळीत साधा गोलीय आरसा असला तर तारे टिपक्यासारखे न दिसता फिसकटलेले दिसतात.

आता बैठक. माझा शनी बुडाला तो बैठकीपायी. बैठका दोन जातींच्या. एक विषुववृत्तीय. तिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, मग एकच चाकी फिरवून ताऱ्यामागे जाता येते. ध्रुवतारा आपल्या जिल्ह्यात क्षितिजापासून सुमारे २१ अंशच वर आहे, तेव्हा अक्ष इतका खाली कलवावा लागतो की काही हलक्या बैठकींचे वजन तिपाईच्या पायाला अडते. फोटोचा नाद असेल तर ही बैठक हवी, पण ती भक्कम हवी, आणि भक्कम म्हणजे महाग. दुसरी जात डॉब्सनची. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात, रामकृष्ण संघाचा संन्यासी म्हणून राहत असे. जवळ पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसे करी, लाकडी खोक्यावर नळी बसवी आणि रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवी. या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. त्याचे खोके मात्र जगभर गेले. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढ्याच दोन हालचाली. अठरा मिलिमीटरचे प्लायवूड, त्यावर सनमायका, खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. तुमच्या गावचा सुतार नक्की करील. विकत घेतलेली असो वा केलेली, कसोटी एकच. नळीला बोटाने टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिर झाले तर घ्या, नाहीतर दुकानदाराला रामराम करा.

डॉब्सनच्या बैठकीवर तारा नजरेतून सरकतो ही तक्रार ऐकू येते. सरकतो खरा. पण पृथ्वी फिरते हे मुलांना याहून चांगले कसे दाखवणार? दर चार मिनिटांना एक अंश. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून (६५० भागिले २५, म्हणजे २६ पट) आभाळाचा सुमारे दोन अंशांचा तुकडा दिसतो. मृगाचा तारा त्यातून पार व्हायला आठेक मिनिटे घेतो, तेवढ्यात दहा मुले पाहून होतात. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने ६५ पट होतात, आणि तीनच मिनिटे हाती राहतात. या दोन नेत्रिका आणि पट दुप्पट करणारे एक बार्लो भिंग, एवढ्यावर पाच वर्षे निघतात. नेत्रिकेच्या नळीचा व्यास सव्वा इंच पाहिजे. त्याहून बारीक नळीची असली तर पुढे दुसरी नेत्रिका मिळायची मारामार होते. शोधायला लाल ठिपक्याचा शोधक चांगला. टॉर्चला पतंगाचा लाल कागद बांधा, म्हणजे डोळे दिपत नाहीत. आणखी एक: चित्र उलटे दिसते, तेव्हा कोक्याच्या जंगलातली जनावरे पाहायला ही दुर्बीण मागू नये.

सूर्याचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. काही खोक्यांत नेत्रिकेला लावायची लहान काळी काच मिळते. ती मुलांच्या हाती पडण्याआधी फोडून टाका. उष्णतेने ती तडकते आणि डोळा क्षणात कायमचा जातो. सूर्य पाहायचा तर नळीचे सारे तोंड झाकणारी, खास सूर्यासाठी केलेली गाळणी लागते. ती नसेल तर दुर्बीण दिवसा बाहेर काढूच नये, हा शाळेचा नियम करा.

पहिला कार्यक्रम कोजागिरीला ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या नसतात, सगळे थाळीसारखे सपाट. शुद्ध सप्तमी-अष्टमीला बोलवा. उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की पोट्टे ओरडतात. गुरूचे चार चंद्र २६ पटींतही दिसतात, आणि दुसऱ्या रात्री त्यांची जागा बदललेली असते. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये नेमकी कडेने आली होती. तेव्हापासून ती हळूहळू उघडत आहेत. त्यांना ६५ पट तरी लावा.

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, आरसा हवेइतका गार झाला पाहिजे. उन्हाळ्यात स्लॅबवर नेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री वाफ सोडतो आणि तारे लपलपतात. मातीचे अंगण बरे. हिवाळ्यात तळ्याकाठी दव पडते. काच ओली झाली तर पुसू नये, आपोआप वाळू द्यावी.

पैसे देण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून घ्या. नागपूरला रामन विज्ञान केंद्रात तारांगण आहे, सहल नेलीत तर तिथल्या मंडळींना विचारा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठी काम करते. पुण्याच्याच आयुकामध्ये आरसा घासून दुर्बीण करण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. ज्याचा हात कारागिराचा आहे अशा शिक्षकाने तिकडे चौकशी जरूर करावी.

खरेदी दसऱ्याच्या सुमारास करा, म्हणजे मेपर्यंतचे आभाळ पदरात पडते. जूनमध्ये ढग आले की दुर्बीण वाळवून, दोन्ही तोंडे झाकून, कोरड्या कपाटात ठेवा आणि सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. ओल राहिली तर आरशाचा मुलामा जातो. महिन्यातून एकदा उघडून कोळी बसला आहे का ते पाहा. आरशावर थोडी धूळ दिसली तर दिसू द्या. धुळीने फारसे बिघडत नाही. धोतराच्या सोग्याने पुसलात तर चरे पडतात.