सुरी-काट्यानं खायचा पाव

कोपनहेगनमध्ये हाउसर प्लाद्स या चौकात 'शॉनेमान' नावाची तळघरातली खानावळ 1877 पासून चालू आहे. जवळच्या बाजारात भाजी विकायला आलेले शेतकरी इथे जेवायला उतरत. त्यांच्या पायांचा चिखल टिपला जावा म्हणून जमिनीवर वाळू पसरायची पद्धत पडली. डेन्मार्कचं जेवण समजून घ्यायचं तर अशाच ठिकाणी जावं, असं माझं ठाम मत आहे. 'नोमा' या रेस्टॉरंटनं कोपनहेगनला जगभर नाव मिळवून दिलं, ते योग्यच झालं. पण डॅनिश माणूस वाढतो तो स्मॉरब्रॉडवर, म्हणजे वर मासे-मांस रचून सुरी-काट्यानं खायच्या पावाच्या उघड्या चकतीवर.

स्मॉरब्रॉडचा सगळा डोलारा राईच्या पावावर उभा असतो. राई हे थंडीला न डगमगणारं धान्य. गहू जिथे कुरकुरतो त्या हलक्या जमिनीतही ते येतं, आपल्या कोरडवाहू ज्वारीसारखं. त्यात चिकटपणा कमी, म्हणून त्याचं पीठ गव्हासारखं मळून ताणता येत नाही. आंबवलेल्या विरजणात पीठ आणि भिजवलेले अख्खे दाणे कालवून ते सरसरीत मिश्रण लांबट साच्यात ओततात आणि तासाभराहून जास्त भाजतात. पाव निघतो काळपट, आंबटसर आणि विटेसारखा जड. गरमगरम कापला तर सुरीला चिकटतो, म्हणून दुसऱ्या दिवशीच कापायचा. एकोणिसाव्या शतकात शेतावरचे आणि कारखान्यांतले मजूर हाच पाव दुपारसाठी बांधून नेत. आजही शाळेच्या डब्यात त्याच्याच चकत्या असतात, मध्ये कागद घालून रचलेल्या.

चकती पातळ हवी आणि लोणी अगदी कडेपर्यंत लावायला हवं. लोण्याचा थर असला की वरच्या पदार्थाचा ओलावा पावात मुरत नाही. स्मॉरब्रॉड रचण्याचं काम शिकलेल्या बायकांना 'स्मॉरब्रॉड्सयोम्फ्रू' म्हणतात; तो रीतसर शिकायचा धंदा आहे. एकच प्रकार जवळून पाहू. 'डूरलेगन्स नॅटमॅड' म्हणजे गुरांच्या डॉक्टरचं रात्रीचं खाणं. ऑस्कर डेव्हिडसन यांच्या खानावळीत नेहमी येणारा एक डॉक्टर हाच पदार्थ मागवायचा, म्हणून हे नाव पडलं. लोण्यावर डुकराच्या यकृताचा मऊ लगदा, त्यावर खारवलेल्या मांसाची चकती, त्यावर रश्शाच्या जेलीचे काप, शेवटी कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि हिरवी हळीवाची पानं. मऊ, खारट, गार, तिखट असं सगळं एका घासात येतं. याच डेव्हिडसन यांच्या यादीत एकेकाळी 178 प्रकार होते आणि ती मीटरभराहून लांब होती.

खाण्याला क्रम आहे आणि तो पाळण्यात शहाणपण आहे. आधी हेरिंग मासा, व्हिनेगर-साखरेत मुरवलेला; मग इतर मासे, नंतर मांस, शेवटी चीज. हेरिंगची चव इतकी ठसठशीत की ती नंतर आली तर बाकीचं फिकं पडतं. त्याचा एक प्रकार पिवळ्या करी पावडरच्या सॉसमध्ये येतो, तो जरूर मागवा. आपली हळद इतक्या दूर, इतक्या सौम्य रूपात भेटते याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. हेरिंगबरोबर बर्फासारख्या गार स्नॅप्सचा छोटा पेला घेतात. स्नॅप्स म्हणजे कॅरवेच्या, म्हणजे शहाजिऱ्याच्या जातीच्या दाण्यांचा वास असलेलं कडक मद्य. ऑल्बोर्गचं 'टाफेल' 1846 पासूनचं. पेला उचलून 'स्कोल' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. ते टाळणं असभ्य मानतात. बिअरही लागतेच. 1883 मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शुद्ध यीस्ट वेगळं काढलं आणि जगभरच्या बिअरची एकसारखी प्रत राखणं शक्य झालं.

रस्त्यावर लाल सॉसेज विकणाऱ्या गाड्या कोपनहेगनमध्ये 1921 पासून आहेत. घाईच्या वेळी त्या बऱ्या. डुकराच्या कुरकुरीत कापांवर पार्सलीचा पांढरा सॉस, हा 2014 च्या लोकमतात राष्ट्रीय पदार्थ ठरला. तो थंडीत खावा.

शाकाहारी माणसानं उपाशी राहायचं कारण नाही. उकडलेल्या नव्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनेज आणि कांद्याची पात घातलेलं स्मॉरब्रॉड बहुतेक ठिकाणी मिळतं; फक्त वर डुकराचे कुरकुरीत तुकडे घालू नका, असं आधी सांगावं लागतं. गोमांस टाळणाऱ्यांनी मांसाचा प्रत्येक प्रकार विचारून घ्यावा. हे जेवण दुपारचं आहे आणि जुन्या खानावळी संध्याकाळी बंद असतात, म्हणून जागा आधी राखून ठेवा आणि दोन तास मोकळे ठेवा.